बाग एकाची, हिस्सा तिघांचा: वाटणीच्या आधी काय करायचं

प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. वय ६४. एकूण नऊ एकर; सहा एकर वडिलांकडून आलेले, तीन एकर १९९८ मध्ये स्वतः विकत घेतलेले. पाच एकर द्राक्ष, बाकी टोमॅटो आणि सोयाबीन. थोरला मुलगा पुण्याला नोकरीत, धाकटा अकरा वर्षं बाग सांभाळतोय, मुलगी सिन्नरला दिलेली. सोसायटीचं पीक कर्ज आहे, शिवाय शेततळ्यासाठी आणि पॅकहाऊससाठी घेतलेलं बँकेचं कर्ज आहे. दिवाळीत धाकट्या सुनेनं विचारलं, “आमच्या नावावर नेमकं काय आहे?” तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. ते विचारतात, “आता वाटणी करून टाकू की मृत्युपत्र करून ठेवू?”

दोन्ही करावं लागेल. पण त्याच्या आधी एक काम आहे, आणि ते केल्याशिवाय ही दोन्ही कागदपत्रं भांडणाला आमंत्रण ठरतात. ते काम म्हणजे हिशेब. जमिनीचा नव्हे, जमीन मोजायला भूमी अभिलेखवाले आहेत. कष्टाचा, पाण्याचा, कर्जाचा आणि आजवर कुणाला काय दिलं त्याचा.

मी १९ वर्षं बँकेत कृषी अधिकारी होतो आणि गेली १४ वर्षं निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या कुटुंबांबरोबर याच कामाला बसतो. पण हे मी नोकरीत शिकलो नाही, घरी शिकलो. माझ्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी तोंडी झाली होती. विहीर चुलत्यांच्या वाट्यात गेली. “पाणी दोघांचं” असं आजोबा ओट्यावर बसून सगळ्यांदेखत बोलले. आजोबा होते तोवर ते खरंही होतं. ते गेल्यावर चौथ्या वर्षी, मणी फुगवणीच्या ऐन दिवसांत, एका सकाळी स्टार्टरच्या पेटीला कुलूप दिसलं. मोटर चुलत्यांच्या नावावर, मीटर त्यांच्या नावावर, विहीर त्यांच्या गटात. आमच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. बारा दिवस बागेला पाणी नव्हतं. पुढे नऊ वर्षं तारखा पडल्या, आणि निकालाच्या आधीच चुलते गेले. त्यांच्या तेराव्याला माझे वडील गेले नाहीत. ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं होतं, हे मला माहीत आहे.

म्हणून तुमच्या सुनेनं विचारलेला प्रश्न मला मनापासून पटला. तो हावरटपणाचा प्रश्न नाही. ती दहा वर्षं या घरात राबतेय आणि तिला कागदावर स्वतःचं काहीच दिसत नाही. घरात तो प्रश्न कधीतरी निघणारच होता. तुम्ही हयात असताना, तुम्हाला उत्तर देता येत असताना निघाला, हे चांगलं झालं.

निफाड तालुक्यातल्या एका घरात मी पहिल्या बैठकीला वडिलांना विचारलं होतं, “गेल्या हंगामात एकरी खर्च किती आला?” त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “तीन-साडेतीन लाख असेल.” स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून आत गेली आणि दोनशे पानी वही घेऊन आली. खरड छाटणीपासून (माल निघाल्यावरची उन्हाळ्यातली छाटणी) काढणीपर्यंतची प्रत्येक फवारणी, औषधाची बाटली केवढ्याची, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) किती बाया, थिनिंगला (मणी विरळ करायला) किती दिवस, कोणाची किती उचल, सगळं तारखेनिशी. शेवटच्या पानावर व्यापाऱ्याकडून यायची बाकी लाल शाईत. वडिलांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. पाच एकराचा कारभार ती चालवत होती आणि ते त्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. वाटणीची चर्चा त्या दिवशी आम्ही केलीच नाही. आधी त्या वहीतलं वाचलं.

तुमच्याही घरी सुरुवात इथूनच करा. धाकट्यानं अकरा वर्षं काम केलं त्याचा त्याला पगार मिळाला नाही. मोटरसायकल मिळाली असेल, हातखर्च मिळाला असेल, लग्न लावून दिलं असेल. थोरल्याचं शिक्षण झालं, कदाचित पुण्याच्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला घरातून रक्कम गेली असेल. मुलीच्या लग्नाला खर्च झाला असेल. हे तीन वेगवेगळे रकाने करून एका कागदावर मांडा. धाकट्याच्या रकान्यात एक ओळ हवी: समजा बाहेरचा अनुभवी माणूस बागेवर ठेवला असता तर महिन्याला काय द्यावे लागले असते, गुणिले अकरा वर्षं, वजा घरखर्चात त्याच्या कुटुंबाचं जे भागलं ते. आकडा अंदाजाचा असला तरी चालेल. तो लिहिला गेला पाहिजे आणि थोरल्यानं तो वाचला पाहिजे. “मी राबलो आणि हे पुण्यात राहून निम्मं घेणार” हे वाक्य ज्या घरात पाठीमागे बोललं जातं, तिथे हा आकडा कधीच मांडलेला नसतो, असं मी वारंवार पाहिलंय. आणि थोरल्याचीही बाजू असते: शिकत होता तेव्हा सुट्टीत तोही द्राक्षाच्या मांडवाखाली राबलाय, मंदीच्या वर्षी त्यानं घरी पैसे पाठवलेत. तेही लिहा.

आता जमिनीकडे. तुम्ही “सहा एकर वडिलोपार्जित” म्हणता. बोलीभाषेत ते बरोबर आहे, कायद्यात तेवढ्यावर भागत नाही. ती जमीन तुमच्या वडिलांनी स्वतः घेतलेली होती की त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली होती, आणि कोण कोणत्या साली वारलं, यावर तिचं रूप ठरतं. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वारशानं तुमच्याकडे आली असेल, तर ती तुमची स्वतःची मानली जाऊ शकते आणि मुलांचा तुमच्या हयातीत तिच्यावर जन्मसिद्ध हक्क नसतो. ती पिढ्यान्‌पिढ्यांची एकत्र कुटुंबाची असेल तर मात्र मुलामुलींचा हक्क आजच आहे. याचा उलगडा जुन्या फेरफारांत, म्हणजे हक्क बदलल्याच्या महसुली नोंदींत सापडतो. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून गटाचे सगळे जुने फेरफार, जुने सातबारे आणि तुमच्या वडिलांची वारस नोंद काढा. एखाद्या फेरफारात थोरल्या भावाच्या नावापुढे “ए.कु.मॅ.” म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असं लिहिलेलं असतं, तसं असेल तर तुमच्या भाऊबहिणींचे हिस्से तरी मिटले आहेत का, हे आधी बघावं लागेल. तुमच्या बहिणींची नावं वारस नोंदीत लागली होती का? लागली असतील तर ती कमी कशी झाली? सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, असं समजू नका. सातबारा हा महसुली दप्तराचा उतारा आहे.

धरून चालू की सहा एकर खरोखर एकत्र कुटुंबाचे आहेत. २४० गुंठे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्या-नसण्यानं तिच्या हक्काला बाधा येत नाही. लग्न झालेलं असण्यानंही येत नाही. शिवाय आपल्याकडे बाप आणि मुलं वाटणी करतात तेव्हा आईलाही बरोबरीचा हिस्सा मिळतो. म्हणजे तुम्ही, तुमच्या पत्नी, दोन मुलं, एक मुलगी असे पाच हिस्से, प्रत्येकी ४८ गुंठे. धाकट्याच्या वाट्याला ४८ गुंठे, आणि तो चालवतोय पाच एकर बाग. खरा पेच इथे आहे. कायद्याप्रमाणे काटेकोर वाटलं तर मांडव तुटतो, आणि मांडव राखला तर कुणाचा तरी हक्क मारला जातो. मधला रस्ता आहे, पण तो सगळ्यांना समोर बसवूनच निघतो.

सगळ्यांना म्हणजे मुलीलाही. याबाबत मी आता कडक झालोय. मुलीला फक्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सहीला बोलवायचं, साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर अंगठा-फोटो घेऊन संध्याकाळच्या एसटीत बसवून द्यायचं, हे मी फार पाहिलंय. त्यातल्या कित्येक जणींना आपण काय सोडलं ते माहीतसुद्धा नव्हतं. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात, आणि पुढे त्यांची मुलं मोठी झाली की तेच माहेर कोर्टात तुटतं. मी ज्या घरात बसतो तिथे नियम असा: मुलगी पहिल्या बैठकीला हवी, तिच्यासमोर सगळे आकडे मांडायचे, आणि तिनं उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही. तिनं सिन्नरला जावं, आपल्या घरी बोलावं, मग सांगावं. तिनं समजून-उमजून हक्क सोडला तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानंच सोडावा. साध्या स्टँपवरची नोटरी यात कामाची नाही. आणि लक्षात ठेवा, तिला सोडता येईल तो हक्क सहा एकरांतला. तुमच्या स्वतःच्या तीन एकरांवर तुम्ही हयात असताना तिचा हक्क निर्माणच झालेला नाही. जो हक्क अजून नाही तो सोडून देता येत नाही. तीन एकरांचं हक्कसोडपत्र आज करून घेणं म्हणजे फुकट गेलेला कागद.

काही मुली जमीन मागत नाहीत, काहीतरी नावावर असावं असं म्हणतात. एका घरात मुलीनं दहा गुंठे मागितले, विहिरीजवळचे, जिथे तिच्या आजीनं लावलेला आंबा होता. मिळाले. बाकी तिनं सोडलं. तो व्यवहार मला आजवरचा सर्वात स्वच्छ वाटतो.

थोरल्याच्या मनात बहुतेक वेळा एक भीती असते आणि ती तो बोलत नाही. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. आज त्याचं नाव सातबाऱ्याला लागेल म्हणून तो शेतकरी. सगळा हिस्सा धाकट्याला सोडला की तो कागदावर शेतकरी राहणार नाही. पुढे पुण्याजवळ दहा गुंठे घ्यायचे म्हटले तरी अडचण. म्हणून तो “मला काही नको” म्हणतो पण सही करत नाही, आणि धाकट्याला वाटतं याच्या मनात काळंबेरं आहे. यावर उपाय सोपा आहे. त्याच्या नावे एक छोटा पण स्वतंत्र तुकडा ठेवा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं किमान क्षेत्र, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याच्याखाली जाऊ नका, नाहीतर तुकडेबंदी कायद्यात अडकाल. तो तुकडा मांडवाच्या बाहेरचा द्या, टोमॅटोच्या रानातला.

उरलेल्या हिश्श्याचे पैसे धाकट्यानं द्यायचे ठरले तर ते कसे द्यायचे, यावर माझं मत ठाम आहे. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. हप्ता मे महिन्यात ठेवा, जानेवारीत कधीच नको. गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी) घरात पैसा नसतो, उधारी असते. आणि करारात एक कलम घाला: ज्या वर्षी बाग गेली, त्या वर्षीचा हप्ता व्याजाशिवाय एक वर्ष पुढे. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात गारपीट झाली तेव्हा निफाड-दिंडोरीत काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्या हंगामात एका घरात थोरल्या भावाचा हप्त्यासाठी फोन आला, धाकट्यानं तो उचलला नाही, आणि बोलणं बंद झालं ते दोन वर्षं. करारात दोन ओळी असत्या तर फोन करायची वेळच आली नसती. “बाग गेली” हे कोणी ठरवायचं, तेही लिहा: पंचनामा, विम्याचा दावा किंवा एकरी अमुक क्विंटलच्या खाली माल.

थोरला पैसे न घेता जमीन नावावर ठेवून धाकट्याला कसायला देणार असेल, तर दरवर्षी लेखी खंड, म्हणजे जमीन कसण्याचं भाडं ठरवा. आपल्याकडे कुळकायद्याची भीती १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून (त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली) घराघरांत मुरलेली आहे. “पीक पाहणीला त्याचं नाव लागलं, उद्या तो कूळ म्हणून उभा राहील,” हे वाक्य सख्ख्या भावाबद्दल मी ऐकलंय. कागद असला की ते वाक्य तोंडी येत नाही. आणि पुढे कधी थोरल्यानं किंवा त्याच्या मुलांनी वारशानं आलेला हिस्सा विकायचा ठरवला, तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नं दिलेला आहे; तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलंय. वाटणीपत्रानं आलेल्या हिश्श्यासाठी मात्र अशी अट आपणच वाटणीपत्रात लिहावी लागते. मी ती दर वेळी लिहायला लावतो.

धाकट्याचं एक काम मात्र थांबवू नका. तो अडतीस-चाळीसचा असेल आणि कागदावर तो कुणीच नाही. सातबारा नाही म्हणून सोसायटीचा सभासद नाही, पीक कर्ज नाही, विमा नाही, द्राक्ष निर्यातीच्या ग्रेपनेट या ऑनलाईन नोंदणीत प्लॉट तुमच्या नावे, सरकारच्या ॲग्रिस्टॅक योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक तुमचा. उद्या तुम्हाला काही झालं तर वारस नोंद होईपर्यंत त्याला खताची उधारीसुद्धा दुसऱ्याच्या शब्दावर घ्यावी लागेल. तुमच्या स्वतःच्या तीन एकरांतून २० गुंठे आजच त्याला आणि सुनेला मिळून बक्षीसपत्रानं द्या. तिचं नाव मुद्दाम सांगतोय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत हेच सांगितलं होतं, आणि कित्येक गावांत बायकांची नावं तेव्हा सातबाऱ्यावर आली. एकत्र कुटुंबातल्या न वाटलेल्या हिश्श्याचं बक्षीसपत्र होत नाही, म्हणून ते स्वतःच्या तीन एकरांतूनच करायचं. त्या गटावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद असेल तर आधी बँकेची संमती घ्या.

पाण्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण कागदात सगळ्यात कमी लिहिलं जातं ते पाणीच. “सरस-निरस मानाने वाटप” हा शब्द आपल्या सगळ्या वाटणीपत्रांत असतो. काळी आणि मुरमाड, विहिरीजवळची आणि लांबची, रस्त्याकडची आणि आतली, असं तोलून-मापून वाटायचं. पण द्राक्षाच्या भागात जमिनीचा सरस-निरसपणा पाणी ठरवतं. तर लिहायचं असं: विहीर कोणत्या गटात, त्यात कुणाचा किती हिस्सा, पाळी किती तासांची आणि कोणत्या दिवशी, थ्री फेज लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात पाळी कशी फिरेल. मोटर कुणाची, मीटर कुणाच्या नावे, बिल कसं वाटायचं, मोटर जळली तर दुरुस्ती कोणाची. पाईपलाईन कोणत्या गटातून किती फूट खोल जाते, फुटली तर खोदायला हरकत घ्यायची नाही. शेततळं एका गटात आणि त्याचं कर्ज सगळ्यांच्या नावावर असेल तर कागद कधी बदलायचा आणि कुणी. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवून घ्या. रस्त्याचंही तसंच, आतल्या तुकड्यात ट्रॅक्टर, टँकर आणि काढणीच्या वेळी मालाची गाडी जाईल एवढी रुंदी फुटांत लिहा. “पूर्वापार वहिवाट” एवढंच लिहिलेला रस्ता मी तहसीलदारासमोर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली लढताना पाहिलाय, आणि लढणारे दोघंही एकाच ताटात जेवलेले होते. जमलं तर वाटणीपत्राला हातानं काढलेला नकाशा जोडा: विहीर, लाईन, बांध, झाडं, स्टार्टरची पेटी. पोटहिस्सा मोजणी करून हद्दीचे दगड लावून घ्या.

वाटणी दोन तऱ्हांनी होते. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून, किंवा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्र करून. मी दुसऱ्या मार्गाला झुकतो, कारण पाण्याची, रस्त्याची, हप्त्यांची सगळी कलमं त्यात सविस्तर घालता येतात. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मे २०२५ मध्ये घेतलाय, तेव्हा खर्चाची सबब राहिलेली नाही. तोंडी वाटणीवर विसंबू नका. विनीता शर्मा निकालानंतर तोंडी वाटणी सिद्ध करणं फार अवघड झालंय.

कर्जाचं थोडक्यात: वाटणी झाली तरी बोजा जमिनीबरोबर जातो. ज्याच्या वाट्याला शेततळं आणि पॅकहाऊस, त्यानं ते कर्ज अंगावर घ्यावं, आणि बँकेनं ते लेखी मान्य करावं. भावांनी आपसांत मान्य केलं एवढ्यानं बँक बांधली जात नाही. मी त्या खुर्चीत बसलोय.

तुम्हा दोघांसाठी काय ठेवाल? सगळं देऊन टाकू नका. तुमचा आणि पत्नीचा हिस्सा मिळून ९६ गुंठे होतात. त्यावर मांडव असला तरी नाव तुमचंच राहू द्या, कसू द्या धाकट्याला, आणि खंड तुमच्या पत्नीच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईला औषधाला आणि नातवंडाच्या हातावर ठेवायला पैसे मागावे लागू नयेत, एवढं तरी जमिनीनं करावं. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशा वेळी पाठीशी उभं राहतं, पण अट दस्तात लिहिलेली असली की जास्त भक्कमपणे.

आता मृत्युपत्र. उरलेले अडीच एकर आणि तुमचा स्वतःचा ४८ गुंठ्यांचा हिस्सा, दोन्ही त्यात घालता येतात. पत्नीनं तिच्या हिश्श्याचं वेगळं करावं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. सोबत डॉक्टरांचा दाखला ठेवा. कुणाला कमी देत असाल तर का, हे त्यात दोन ओळींत लिहा: “थोरल्यास फ्लॅटसाठी अमुक रक्कम दिलेली आहे.” बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, असा समज असेल तर तो सोडा. नॉमिनीनं पैसे वारसांच्या वतीनं सांभाळायचे असतात.

आणि कारभार. नाव लावून दिलं पण व्यापाऱ्याचा फोन अजून तुम्हीच घेता, भाव तुम्हीच ठरवता, चेकवर सही तुमची, असं असेल तर काहीच दिलेलं नाही. या हंगामात सौदा त्याला करू द्या. शेजारी बसा, पण बोलू नका. तो चुकेल, पाच रुपयांनी कमी भावाला देईल, किंवा अनोळखी व्यापाऱ्याला उधार माल देऊन बसेल. ती चूक तुम्ही हयात असताना झालेली बरी. तुम्ही सांगू शकाल की आगाऊ रकमेशिवाय गाडी बागेत घ्यायची नाही. बागेचं खातं घरखात्यापासून वेगळं काढा आणि त्यावर त्याची सही लावा. पुढच्या वर्षी सोसायटीच्या सचिवाकडे तो जाईल, तुम्ही नाही. मला एका बापानं सांगितलं होतं की जमीन देताना काही वाटलं नाही, पण औषधाच्या दुकानदारानं पहिल्यांदा मुलाला “शेठ, काय देऊ?” विचारलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही, त्या दिवशी पोटात तुटलं. ते तुटणं येणार आहे. त्याची तयारी ठेवा आणि पत्नीशी बोला.

तर क्रम असा धरा. माल निघाला, पैसे आले, आणि खरड छाटणी उरकली की मे महिन्यात बसा. मुलं सुट्टीला असतात, मुलगी माहेरी येते. मुलीला आणि थोरल्याला तुम्ही स्वतः फोन करा, धाकट्याला करायला लावू नका. तोपर्यंत फेरफार, जुने सातबारे, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा), सोसायटीचा आणि बँकेचा बाकी उतारा, विमा पॉलिसी एका पिशवीत जमा करा. तीन रकान्यांचा तो कागद तुमच्या अक्षरात लिहा. सुनेकडे बागेची वही असेल. तिला ती घेऊन बसायला सांगा, दारात उभी राहू देऊ नका. आणि पहिल्या दिवशी कुणाचीही सही घेऊ नका.